उजवा हात नंबरपॅडवर

हिशेबाच्या कामात चूक नेमकी कुठे होते, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. बेरीज-वजाबाकीत होत नाही, ती मशीन करतं. चूक होते एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना. टॅलीत बिलाची रक्कम पाहिली, ती एक्सेलमध्ये लिहायला निघालो, मधे माउस हातात घेतला, खाली टास्कबारवर नजर टाकली, तिथे एक्सेलच्या तीन फाइली उघड्या, त्यातली पहिली उघडली ती भलतीच. तेवढ्या वेळात ४७,८३६ चे ४७,३८६ होऊन जातात. फरक येतो ४५०. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे हिशेबनिसांना पूर्वीपासून ठाऊक आहे. आता अशी अदलाबदल बहुतेक वेळा प्रोग्राम बदलतानाच होते, हे मी माझ्या अनुभवावरून त्यात जोडते.

उस्मानपुऱ्यात माझं छोटं ऑफिस आहे. वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीतल्या लघुउद्योगांचे हिशेब, त्यांचा जीएसटी आणि शहरातल्या काही पतसंस्थांचं लेखनकाम आम्ही करतो. दिवसभर पाच प्रोग्राम उघडे असतात: टॅली, एक्सेल, क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल, वर्ड आणि पीडीएफ काढायला फाइल एक्सप्लोरर. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर खरेदीच्या कराचं २बी हे विवरण तयार होतं आणि २० तारखेपर्यंत ३बी हे रिटर्न भरायचं असतं. मधल्या दिवसांत या पाचांत आम्ही इतक्या वेळा ये-जा करतो की मोजणंच सोडून दिलंय. शॉर्टकट शिकले की वेळ वाचतो, असं सगळे सांगतात. वाचतो हे खरंच. पण मला त्याची किंमत वेगळी वाटते. शॉर्टकटमुळे डोक्यात धरलेला आकडा वाटेत सांडत नाही. खाली जे लिहिलंय ते त्यासाठी आहे.

१. शॉर्टकट निवडताना हात बघा

इंटरनेटवर दीडशे-दोनशे शॉर्टकटच्या याद्या मिळतात. त्या पाठ करू नका. आमच्या कामात उजवा हात नंबरपॅडवर असतो आणि तो तिथून हलू नये, एवढी एकच कसोटी मी लावते. जो शॉर्टकट एकट्या डाव्या हाताने होतो तो आपला. बाकीचे सवडीने.

ही कसोटी लावून पाहिली की कामाचे बहुतेक शॉर्टकट डाव्या कोपऱ्यातच सापडतात. आल्ट+टॅब, विंडोजचं बटण आणि १ ते ५ चे आकडे, कंट्रोलबरोबर झेड, एक्स, सी, व्ही. शेवटची चार बटणं तर खालच्या ओळीत ओळीने बसलेली आहेत. कापून-चिकटवण्याची कल्पना झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या लिसा संगणकावर ही चार बटणं याच कामांना मिळाली. तिथे उजव्या हातात माउस होता, डावा हात मोकळा होता. आपल्याकडे माउसच्या जागी नंबरपॅड आहे, एवढाच फरक. मांडणी तीच उपयोगी पडते.

वाळूजच्या एका कारखान्यात जुने अकाउंटंट होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. माउस ते सीपीयूच्या डब्यावर ठेवून द्यायचे. मी नवीन होते तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, "हात उचलला की नजर उठते, आणि नजर उठली की आकडा गेला." डॉसवरच्या टॅलीत त्यांचं शिक्षण झालेलं. त्यांचा वेग बघण्यासारखा होता, पण त्याहून बघण्यासारखी होती त्यांची मान. ती व्हाउचरच्या कागदावरून पडद्यावर जायची आणि परत कागदावर यायची. खाली कीबोर्डकडे कधीच नाही.

२. आल्ट+टॅब ही परतीची वाट आहे

पुष्कळजण आल्ट+टॅब दाबून सगळ्या उघड्या प्रोग्रामांच्या रांगेत हवा तो शोधत बसतात. तसं करू नये. ही रांग उघडल्याच्या क्रमाने लावलेली नसते, वापरल्याच्या क्रमाने असते. जिथून आत्ता आलात तो प्रोग्राम कायम दुसऱ्या जागी. म्हणून एकदाच दाबून सोडलं की मागच्या ठिकाणी जाता, पुन्हा दाबलं की परत. टॅलीतलं खरेदी रजिस्टर आणि एक्सेलमधलं २बी जुळवताना मला फक्त हेच लागतं: इकडे, तिकडे, इकडे, तिकडे.

तिसऱ्या प्रोग्रामकडे जायचं असेल तेव्हा मात्र आल्ट+टॅबचा नाद सोडा. रांगेत शोधावं लागलं की तुम्ही वाचायला लागता आणि वाचायला लागलात की आकडा निसटतो.

एक सेटिंग मात्र आवर्जून बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये आल्ट+टॅबच्या रांगेत एज ब्राउजरचे टॅबही घुसतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग मल्टिटास्किंग, तिथे ते बंद करता येतं. रांग निम्मी होते.

३. प्रत्येक प्रोग्रामला कायमचा नंबर द्या

माझ्या सगळ्या कामाचा पाया हा आहे. टास्कबारवर पिन केलेल्या प्रोग्रामांना डावीकडून १, २, ३ असे नंबर आपोआप मिळतात आणि विंडोजचं बटण धरून तो आकडा दाबला की तो प्रोग्राम समोर येतो. बंद असेल तर उघडतो. २००९ च्या विंडोज ७ पासून ही सोय आहे आणि तरीही आमच्याकडे कामाला येणाऱ्या दहा मुलांतल्या नऊ जणांना ती माहीत नसते.

आमच्या ऑफिसात १ म्हणजे टॅली, २ एक्सेल, ३ क्रोम, ४ वर्ड, ५ फाइल एक्सप्लोरर. प्रत्येक मशीनवर हेच. कुणीही कुणाच्याही खुर्चीत बसलं तरी बोटं चुकत नाहीत. टास्कबारवर बाकी काही पिन करायला मी मनाई केली आहे आणि त्यावरून कुरकुर झाली तरी नियम सोडलेला नाही. मधेच कुणी व्हॉट्सॲप पिन करून दुसऱ्या नंबरवर सरकवलं की एक्सेल तिसऱ्यावर जातं आणि सगळ्यांचे हात चुकायला लागतात.

एक्सेलच्या चार-पाच फाइली उघड्या असतील तर विंडोज+२ दाबल्यावर कुठली येणार? त्याला दोन उत्तरं आहेत. विंडोज धरून ठेवून २ परत परत दाबलं की एकेक फाइल पुढे सरकते. आणि विंडोजबरोबर कंट्रोलही धरलं तर शेवटी जिच्यात काम करत होता तीच फाइल थेट येते. मला दुसरं जास्त कामाचं वाटतं, कारण त्यात विचार करायला लागत नाही.

४. मराठी चालू असताना नावाने शोधू नका

इंग्रजीत लिहिलेल्या सल्ल्यात हे कुठेच सापडणार नाही, कारण त्यांच्याकडे हा प्रश्नच नाही. त्यांचा सगळा भर लॉन्चरवर असतो. एक बटण दाबा, प्रोग्रामच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करा, एंटर मारा. विंडोजचं बटण दाबून टाइप करणं हेही त्याच जातीचं.

आता आमच्याकडची स्थिती बघा. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सुमारास आम्ही वर्डमध्ये इतिवृत्तं, अहवाल, सूचनापत्रं मराठीत टाइप करत असतो, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. मधेच क्रोम हवं झालं, विंडोजचं बटण दाबलं आणि सवयीने क्रोमचं इंग्रजी स्पेलिंग टाइप केलं की पडद्यावर उमटतं "मपीदसा". वर्डचं स्पेलिंग टाइप केलं तर दोन मात्रा, एक द आणि एक हलन्त. संगणक म्हणतो असं काही सापडत नाही. मग ते खोडा, विंडोज+स्पेसने भाषा बदला, परत टाइप करा, परत वर्डमध्ये या, परत भाषा बदला. सभासद संख्या आणि भागभांडवलाचा आकडा डोक्यात घेऊन निघालेला माणूस यात हमखास हरवतो.

नंबर आणि जागेवर चालणारे शॉर्टकट मात्र लिपी विचारत नाहीत. विंडोज+३ मराठीतही क्रोमच उघडतं, आल्ट+टॅब मराठीतही मागेच नेतं, कंट्रोल+सी मराठी चालू असतानाही कॉपीच करतं, जरी त्या बटणावर इनस्क्रिप्टमध्ये "म" असला तरी. विंडोज तिथे अक्षर बघत नाही, बटण बघतं. दोन लिप्यांत काम करणाऱ्या माणसाने म्हणूनच नावापेक्षा जागेवर भरवसा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येक ऑफिसला हे लागू आहे: तहसील कचेरी असो, प्रकाशकाकडचं टाइपसेटिंग असो की वकिलाचं टेबल.

याच्याच जोडीचं एक सेटिंग आहे. टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या विंडोला वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय मिळतो. त्यावर खूण केली की वर्ड मराठीतच राहतं आणि एक्सेल इंग्रजीतच. ये-जा करताना भाषा आपोआप बदलते. हे सेटिंग मुळात बंद असतं. ज्यांना मी ते दाखवलं त्यांनी ते परत कधी बंद केलेलं मी पाहिलं नाही.

आणि एक सावधगिरी. प्रोग्रामच्या शॉर्टकटला कंट्रोल+आल्ट+अक्षर असं बटण नेमून देता येतं, ते चांगलं आहे. पण कंट्रोल+आल्ट+४ कुणाला देऊ नका. भारतीय कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह तिथे आहे आणि आमच्या धंद्यात ते रोज लागतं.

५. टॅली शिकलात तर लॉन्चर शिकलातच

लॉन्चरबद्दल मी वर जे लिहिलं त्यावरून मला तो प्रकार आवडत नाही असं वाटेल. तसं नाही. आपल्या देशातल्या लाखो हिशेबनिसांच्या बोटांत तो प्रकार आधीपासून आहे, फक्त त्याला कुणी त्या नावाने ओळखत नाही.

टॅलीचा जन्म १९८६ चा, बंगळुरूचा. श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवायचे. त्यांच्या हिशेबाला बसेल असं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, ते लिहायला सांगितलं. त्या काळी हिशेबाचे प्रोग्राम खात्यांना सांकेतिक आकडे द्यायला लावत. टॅलीत खातं नावानेच ओळखलं जातं: चार अक्षरं टाइप केली की यादी गाळली जाते, एंटर मारला की खातं बसतं. आजचे लॉन्चर दुसरं काय करतात? मॅकवर २००३ मध्ये क्विकसिल्व्हर आलं, २००५ मध्ये ॲपलने स्वतःचं स्पॉटलाइट आणलं आणि जगभर त्याचं कौतुक झालं. आमचे काका तेव्हा खात्यांची नावं अशीच गाळून रोज रात्री कॅशबुक बंद करत होते.

व्हाउचरचेही नंबर आहेत. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. व्हाउचर भरता भरता नवं खातं लागलं तर आल्ट+सी. स्वीकारायचं तर कंट्रोल+ए. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं आणि त्यात आल्ट+जी ही खरी मोठी सोय झाली. आल्ट+जी दाबून कुठल्याही रिपोर्टचं नाव टाइप करा, तो उघडतो, आणि एस्केप मारला की अर्धवट भरलेलं व्हाउचर जसंच्या तसं समोर. पूर्वी पार्टीची जुनी बाकी बघायची तर हातातलं व्हाउचर टाकून मागे जावं लागे, किंवा टॅली दुसऱ्यांदा उघडावी लागे. फोनवर पार्टी थांबलेली असताना आल्ट+जी, लेजर, पार्टीचं नाव, बाकी सांगितली, एस्केप, आणि लिखाण पुढे चालू. हे बघितल्यावर माझ्या मनात आलं की सगळ्याच प्रोग्रामांना असं एक बटण असायला हवं.

टॅलीत अनेक कंपन्या उघड्या असतील तर एफ३ ने कंपनी बदलते. इथे मात्र मी वेग मुद्दाम कमी करायला सांगते. कंपनी बदलली की वरचं नाव ओठ हलवून वाचायचं, मगच पहिलं व्हाउचर. एका कारखान्याचं बिल दुसऱ्याच्या वहीत पडलं तर शोधायला अख्खी दुपार जाते.

६. लॉन्चर घ्यायचाच तर गणितासाठी घ्या

मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं. त्यात २०२० साली रन नावाचा लॉन्चर आला, आल्ट+स्पेसने उघडणारा. अलीकडे त्याच संचात कमांड पॅलेट हा नवा लॉन्चरही आला आहे. प्रोग्राम उघडायला मला यांची गरज पडत नाही, ते नंबरांनी होतं. गणिताला पडते. करासकट रक्कम १,१८,००० आहे, १८ टक्के जीएसटी वजा करून मूळ किंमत हवी. आल्ट+स्पेस, बरोबरचं चिन्ह, ११८००० भागिले १.१८, आणि उत्तर खाली तयार: १,००,०००. एंटर मारलं की उत्तर कॉपी होतं, जिथे होतात तिथे चिकटवा. कॅल्क्युलेटरची वेगळी विंडो उघडली नाही, टॅलीवरून नजर हलली नाही. शिवाय बरोबरचं चिन्ह सोडलं तर हे सगळे आकडे आणि चिन्हं नंबरपॅडवरच आहेत.

टेबलावरचा कॅल्क्युलेटर काही लोकांना सोडवत नाही. नका सोडू. पण त्याच्यावरून उत्तर वाचून परत टाइप करावं लागतं आणि ४७,३८६ ची गोष्ट तिथे पुन्हा घडू शकते.

७. क्लिपबोर्डची वही ठेवा, पण उघडी टाकू नका

विंडोज+व्ही हा शॉर्टकट २०१८ च्या अखेरीस विंडोज १० मध्ये आला. पहिल्यांदा दाबल्यावर तो चालू करायचा का असं विचारतो. चालू केला की शेवटच्या २५ पर्यंत कॉपी केलेल्या गोष्टी तो लक्षात ठेवतो. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, महाराष्ट्रातल्याची सुरुवात २७ ने, पुढची दहा अक्षरं पॅनची. एवढं लांबलचक हाताने टाइप करायला मी कुणाला सांगत नाही. टॅलीतून नाव, जीएसटी क्रमांक, बिल नंबर, रक्कम असं ओळीने कॉपी करा, एकदाच प्रोग्राम बदला आणि तिकडे एकेक चिकटवा. चार फेऱ्यांची एक फेरी होते. नेहमी लागणाऱ्या गोष्टी पिन केल्या तर मशीन बंद करून चालू केल्यावरही राहतात.

पण पोर्टलचा पासवर्ड कॉपी केला तर तोही त्याच यादीत जाऊन बसतो, वाचता येईल असा. तुमच्यामागून खुर्चीत बसणाऱ्याने विंडोज+व्ही दाबलं की समोर. पक्षकारांचे पासवर्ड आपल्याकडे विश्वासाने दिलेले असतात. दिवस संपताना यादी पुसायची, हा आमच्याकडे दिवे बंद करण्याइतका नेहमीचा नियम आहे.

८. लॅपटॉपवर आधी एफएन बघा

नवीन मुलगा लॅपटॉप घेऊन येतो, टॅलीत एफ८ दाबतो आणि विक्रीच्या व्हाउचरऐवजी आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त होतो. बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या ओळीची बटणं अशी लावून येतात. अनेक मॉडेलवर एफएन+एस्केप दाबलं की ती सरळ होतात. आणि नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर हिशेब लिहायचा असेल तर शंभर क्लृप्त्यांपेक्षा साधा यूएसबी कीबोर्ड बाहेरून जोडावा.

९. टॅली दूरच्या सर्व्हरवर असेल तर

आता अनेक कारखान्यांची टॅली सर्व्हरवर असते आणि आपण रिमोट डेस्कटॉपने आत जातो. पूर्ण पडद्यावर असाल तर आल्ट+टॅब आतल्या मशीनवर चालतो, म्हणजे तुमच्या एक्सेलकडे तो परत येत नाही. लहान विंडोत असाल तर उलटं, आल्ट+टॅब बाहेर चालतो आणि आतले प्रोग्राम बदलायला आल्ट+पेज अप लागतं. पूर्ण पडदा आणि लहान विंडो यांत बदल करायला कंट्रोल+आल्ट+ब्रेक. मी लहान विंडोच ठेवते. दोन्हीकडे पोचायचं बटण वेगवेगळं राहतं आणि आपण कुठल्या मशीनवर आहोत हे बोटांनाच कळतं.

१०. ज्यांची बोटं थकली आहेत त्यांना हे आधी शिकवा

शॉर्टकट तरुणांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी माउस, असं समजून आपण ज्येष्ठांना माउस देतो. हे उलट करायला हवं. कापऱ्या हाताला बारीक चौकोनावर बाण स्थिर धरून दोनदा टिचकी मारणं फार अवघड जातं. बटण मोठं असतं, जागचं हलत नाही. अडचण फक्त दोन बटणं एकदम दाबण्याची असते आणि त्यावर विंडोजमध्ये स्टिकी कीज आहे. शिफ्ट पाच वेळा दाबलं की विचारतं, हो म्हणा. मग कंट्रोल दाबून सोडायचं, सावकाश सी दाबायचं, कॉपी होतं.

आमच्या एका पतसंस्थेचे सेवानिवृत्त खजिनदार हे शिकले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, मधे कितीही वेळ थांबलं तर चालतं का?" चालतं, दुसरं बटण दाबेपर्यंत ते थांबून राहतं. त्यांच्या कीबोर्डवर आम्ही १ ते ४ या आकड्यांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या आणि टास्कबारवर त्यांना लागणारे चारच प्रोग्राम ठेवले. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी त्यावर काम सुरू केलं, ते स्वतः अंध आहेत. त्या माणसांना माउसचा पर्यायच नसतो, सगळं काम कीबोर्डवर. म्हणून नवीन सॉफ्टवेअर दाखवायला कुणी ऑफिसात आलं की मी माउस बाजूला काढून घेते आणि म्हणते, आता एक बिल करून दाखवा. जे सॉफ्टवेअर तिथे अडतं ते आम्ही घेत नाही.